अधिकार आयुक्तांकडे असताना महापौर हवेत कशाला?

तुम्ही विचारलंय, सगळा कारभार आयुक्त बघतात, मग फिती कापायला आणि हार घालून घ्यायला वेगळे महापौर कशाला? मी परभणीत नगरपालिका होती तेव्हापासून नोकरीला होतो. 2011 मध्ये महापालिका झाली आणि पुढे माझी वर्षं नगरसचिव विभागात गेली, म्हणजे सभेची विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं. त्यावरून सांगतो.

कायद्यानं तुमचं बरोबर आहे. 1949 च्या महापालिका अधिनियमाप्रमाणे अंमलबजावणी आयुक्तांची, खर्चाची मंजुरी बव्हंशी स्थायी समितीची. महापौर नगरसेवकांतून निवडले जातात, तेही अडीच वर्षांसाठी. नगराध्यक्षासारखी थेट जनतेतून निवड नाही. सर्वसाधारण सभा चालवायची, मतं समसमान पडली तर निर्णायक मत द्यायचं. बाकी मान.

पण त्या मानाला लोक किती जीव लावतात, ते मी टेबलावर बसून पाहिलंय. सभेच्या सुरुवातीला शोक प्रस्ताव असतो. महापौर नाव वाचतात, सगळं सभागृह उभं राहतं, विरोधकसुद्धा. एकदा एका निवृत्त सफाई कामगाराचं नाव घेतलं गेलं. चार दिवसांनी त्यांचा मुलगा आला. "आमच्या आप्पाचं नाव सभेत घेतलं म्हणं, त्याचा कागद भेटंल का?" ठरावाची प्रत दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, घडी न घालता पिशवीतल्या वहीत ठेवली. अशी प्रत आयुक्तांच्या सहीनं आली असती तर त्याला तेवढी वाटली नसती, असं मला मनापासून वाटतं. आयुक्त बदलून जातात. महापौर गावचे असतात.

दुसरं, 17 सप्टेंबर. आपल्या मराठवाड्याला स्वातंत्र्य 1948 मध्ये, निजामाची राजवट संपल्यावर मिळालं, म्हणून हा दिवस इथं वेगळाच. एका वर्षी एक स्वातंत्र्यसैनिक आजारपणामुळे कार्यक्रमाला येऊ शकले नाहीत. महापौर शाल-श्रीफळ घेऊन त्यांच्या माळवदाच्या घरी गेले, बाजेवर त्यांच्या शेजारी बसले. म्हाताऱ्यानं हात धरून पहिली गोष्ट काय सांगितली असेल? गल्लीतली नाली तुंबलीय. महापौरांनी तिथूनच स्वच्छता निरीक्षकाला फोन लावला. नाली साफ करायचा अधिकार महापौरांचा नाही, पण शाल नसती तर त्या दारात कुणी गेलंच नसतं.

2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. झेंडावंदन वेळेवर होत राहिलं, कागदावर ठरावही होत राहिले. पण सभाच भरत नव्हती, त्यामुळे त्या काळात गावातली जी जी माणसं गेली, त्यांच्यासाठी त्या सभागृहात कुणी उभं राहिलं नाही.