चौपाखी घरात चार बिऱ्हाडं: आधी छपराचं ठरवा

तुमच्या गुहागरच्या घराचे फोटो पाहिले. जांभ्याच्या भिंती, चारही बाजूंना उतरतं चौपाखी छप्पर, मंगलोरी कौलं. त्यात चार चुलत भावांची बिऱ्हाडं स्वतंत्र बसवायची आहेत, आणि कंत्राटदार म्हणतोय पाडा आणि स्लॅब टाका. पाडू नका. आमच्या दापोलीकडच्या घरात आम्ही तीन बिऱ्हाडं केली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात निम्मी कौलं उडाली, पण भिंती आणि आढं जागेवर राहिलं.

शिवाय घर भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे नियम, आडवा येतो. त्यातल्या ना-विकास पट्ट्यात अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती करता येते, पण जोतं (पायाचं क्षेत्र), चटईक्षेत्र आणि घनता आहे त्यापलीकडे नेता येत नाही. तेव्हा ‘चार बिऱ्हाडं’ असं नकाशावर लिहिण्याआधी जाणत्या आर्किटेक्टला दाखवा.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही घराचे उभे चार भाग करायचं म्हणताय. खोल्या वाटून घ्या, छप्पर वाटू नका. आमच्या शेजारच्या घरात तिघा भावांनी छप्पर वाटलं. मधल्याने आपल्या भागावर पत्रे घातले. कौल आणि पत्रा जिथे भेटतात तिथून पाणी आत यायला लागलं. दोन वर्षं ‘तुझं पाणी, माझं पाणी’ चाललं. शेवटी जोडाखालची तुळई इतकी कुजली की बोटाने भुगा निघायचा. आम्ही दर बिऱ्हाडामागे ठरावीक रक्कम छपराच्या खात्यात टाकतो, मुंबईत राहणाराही टाकतो. हे आधी कागदावर घ्या, गवंडी नंतर बोलवा.

त्याच कागदावर आत्यांच्या सह्या हव्यात. मुली 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून वडिलांच्या वारस आहेतच, आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत त्यांचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला. ‘आत्या काही मागणार नाहीत’ हे वाक्य मी चार घरांत ऐकलंय, त्यातली दोन घरं आज कुलपात आहेत.

लाकूड स्वतः तपासा. प्रत्येक खांबाच्या बुडाशी पेचकस टोचा. आमच्या माजघरातल्या खांबात तो मुठीपर्यंत गेला, वरून मात्र खांब ठणठणीत आणि तेल लावून चकचकीत. टेकू आणि लॉरीचा जॅक लावून तुळई पेलली, कुजलेला दीड हात कापला, खाली कातळाचा उंच तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, बसवला. अख्खा खांब बदलावा लागला नाही. आता जमीन पुसली तरी पाणी लाकडाला लागत नाही.

संडास-न्हाणी मागच्या पडवीतच काढा, म्हणजे जोतं वाढत नाही. लाकडी माळ्यावर ओलं काम अजिबात नको, तिथे विटेची भिंतही नको. तक्तपोशी, म्हणजे माळ्याच्या फळ्या, तो भार घेणार नाही, प्लायचं पार्टिशन पुरे. शोषखड्डा विहिरीपासून 60 फुटांच्या आत नको, जांभ्यातून पाणी झपाट्याने झिरपतं. चार गॅस लाकडी छपराखाली आले की स्वयंपाकघरांमधल्या भिंती थेट कौलापर्यंत न्याव्यात. आपल्या घरांत भिंत वरून मोकळी सोडतात, वारा खेळतो म्हणून. एका कुटुंबाला ते ठीक. चार कुटुंबांत आग पसरते, आणि एकाचं भांडण तिघांना ऐकू येतं!

जांभ्याला सिमेंटचं प्लास्टर करू नका. आमच्या काकांनी केलं होतं. जांभ्याचा चिरा ओल ओढतो, ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की भिंतीला फोड येतात आणि मीठ फुलतं. आम्ही सगळं खरवडून चुना लावला. चुन्याचा गवंडी मिळणं हेच आता मोठं काम आहे, आतापासून शोधा.

कौलं शिमगा झाल्यावरच उतरवा आणि मिरगाआधी चढवा. एका हंगामात सगळं होणार नाही. पहिल्या वर्षी फक्त छप्पर आणि खांब धरा. ओटी, माजघर, देवघर सामाईकच ठेवा, नाहीतर गणपतीत चौघांची माणसं बसणार कुठे?

तुमच्या तिसऱ्या फोटोत मागच्या पडवीचा डावा कोपरा काळा दिसतोय. तिथली पाच-सहा कौलं काढून वाशाचं टोक बघा आणि जवळून फोटो टाका. ते फक्त शेवाळ असेल तर फार खर्च नाही.