मॅक्रो लेन्स घेताना आधी अंतर मोजा

पावसाळा सुरू झाल्यापासून मॅक्रो लेन्सबद्दल, म्हणजे बारीक गोष्टी अगदी जवळून मोठ्या टिपणाऱ्या लेन्सबद्दल, आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. जवळजवळ सगळ्यांनी ‘किती मिमीची घेऊ?’ असं विचारलंय. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: फोटो कशाचे काढणार, आणि ते तुम्हाला किती जवळ येऊ देणार?

प्रश्न: माझ्याकडे सोनी ए६४०० आहे. चतुर आणि फुलपाखरं टिपायची आहेत. सोनीची ३० मिमी मॅक्रो स्वस्तात मिळतेय. घेऊ का?

चतुरासाठी तर नकोच. या लेन्सवर पूर्ण १:१ आकार (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाइतकीच उमटणं) हवा असेल तर काच आणि चतुर यांच्यात जेमतेम २.४ सेंटिमीटर उरतात. तेवढं जवळ जाईपर्यंत तो उडालेला असतो, आणि बसून राहिलाच तर लेन्सची सावली त्याच्यावर पडते. माहितीपत्रकात ‘किमान फोकस अंतर’ दिलेलं असतं, पण ते सेन्सरपासून मोजतात. त्यातून लेन्सची (फोकस करताना वाढत असेल तर वाढलेली) लांबी आणि लेन्स जिथे बसते तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर वजा केलं की हाती काय उरतं ते कळतं. निकॉनच्या झेड माउंटची ५० मिमी आणि १०५ मिमी, दोन्ही मॅक्रो १:१ देतात. पण पहिलीसमोर सुमारे साडेपाच सेंटिमीटर जागा मिळते, दुसरीसमोर तेरा. किड्यांच्या बाबतीत फोटो मिळणं न मिळणं या फरकावर ठरतं.

तुम्ही सोनीची ९० मिमी बघा. सिग्माची १०५ मिमी डीजी डीएन काचेला फार सुरेख आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा) नाही आणि ए६४००च्या बॉडीतही नाही. सोनीच्या ९० मिमीमध्ये तो आहे. ती २०१५ पासून बाजारात असल्यामुळे वापरलेली चांगली मिळू शकते. आणि सकाळी लवकर जा. अंगावर दव असेपर्यंत चतुर गारठून काडीला धरून असतात, तेव्हा ते जवळ येऊ देतात.

प्रश्न: कॅनन आर८ आहे. जुनी नाणी आणि घरच्या पेढीतले दागिने यांचे फोटो काढायचे आहेत. आरएफ ८५ मिमी एफ/२ मॅक्रो पुरेल, की १०० मिमीच घ्यावी?

८५ पुरेल. ती अर्ध्या आकाराची मॅक्रो आहे म्हणून लोक नाक मुरडतात, पण हिशोब करून बघा. दहा रुपयांचं नाणं २७ मिमीचं. तुमच्या सेन्सरची उंची २४ मिमी. म्हणजे १:१ वर ते नाणं चौकटीत मावणारच नाही! अर्ध्या आकारात ते साडेतेरा मिमी होतं आणि भोवती हवी तेवढी मोकळी जागा राहते. फनमसारखी नखाहून लहान नाणी किंवा हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी कोड ठसठशीत हवा असेल, तरच १०० मिमी घ्या, ती १.४ पटीपर्यंत जाते.

वाचलेले पैसे कॅमेरा उलटा खाली बघेल अशा भक्कम स्टँडवर घाला. कॅमेरा सरळ लागलाय का हे बघायला नाण्याच्या जागी सपाट आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्ये आलं, की सेन्सर आणि टेबल समांतर झाले.

प्रश्न: जुनी निकॉन १०५ मिमी मॅक्रो झेड ५ वर चालेल का?

जुन्या निकॉन लेन्स झेड कॅमेऱ्याला जोडणारं एफटीझेड अडॅप्टर लावून चालेल. एएफ-एस (लेन्समध्येच मोटर असलेली) असेल तर ऑटोफोकसही मिळेल. ‘डी’ मालिकेतली असेल तर फोकस हाताने करावा लागेल, कारण अडॅप्टरमध्ये मोटर नाही. ती विकून टाकू नका.

प्रश्न: विद्यार्थी आहे. निकॉन झेड ५०, सोबत १६-५० आणि ५०-२५०. मॅक्रो लेन्स परवडत नाही.

घेऊच नका. रेनॉक्स डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टर शक्तीचं छोटं भिंग ५०-२५०च्या तोंडावर चिमट्यासारखं बसतं. त्याचं फोकल अंतर १२५ मिमी, म्हणून २०० मिमीवर १.६ पट मोठा फोटो मिळतो आणि समोर अकरा-बारा सेंटिमीटर जागा राहते. फोकसची रिंग विसरा. अख्खा कॅमेरा केसभर मागेपुढे करा.

प्रश्न: नवी १०५ मिमी घेतली, पण कोळ्याचे डोळे शार्प येतात आणि पाय धूसर. एफ/२२ केलं तर सगळंच मऊ. लेन्स सदोष आहे का?

लेन्स चांगली आहे. फुल-फ्रेमवर १:१ आणि एफ/८ ठेवलं तर शार्प पट्टा जेमतेम १ मिमी जाडीचा असतो. त्यात एवढ्या जवळून लेन्सचं छिद्र दोन स्टॉप (पायऱ्या) लहान असल्यासारखं वागतं, आणि एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान: एफ/८ म्हणजे प्रत्यक्षात एफ/१६, आणि एफ/२२ म्हणजे एफ/४४. इतक्या बारीक छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळा तपशील विरघळतो. एफ/८ ते एफ/११च्या पुढे जाऊ नका. कोळ्याकडे समोरून बघण्याऐवजी बाजूने बघा, म्हणजे डोळे, पाठ आणि पाय एकाच पातळीत येतील. स्थिर बसला असेल तर फोकस ब्रॅकेटिंग करून, म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक फोटो काढून, ते जोडता येतात. पण त्यासाठी किड्याला फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं मला अजिबात मान्य नाही. तसला फोटो मी कधीच वाखाणणार नाही.

तुम्हाला खरी गरज आहे ती उजेडाची. साधा फ्लॅश आणि त्यापुढे ट्रेसिंग पेपरचा वाकवलेला पडदा, किड्याच्या शक्य तितका जवळ. मात्र शटर मेकॅनिकल ठेवा. सायलेंट मोडमध्ये बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांवर फ्लॅश उडतच नाही, आणि लोक फ्लॅश बिघडला म्हणून दुकानात घेऊन जातात.

तुम्ही सप्टेंबरात कासला जाणार असल्याचंही लिहिलंय. तिथे दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती अगदी जमिनीलगत असते, आणि एका फोटोसाठी पालथं पडलं की पोटाखाली तिच्याच शेजारणी चिरडतात. तुमच्या १०५ मिमीने वाटेच्या कडेला उकिडवं बसूनही काम होतं. स्क्रीन वर वळवा, कॅमेरा हाताने खाली धरा, पाऊल वाटेवरच ठेवा.