नकाशावरची रेषा आणि जमिनीवरची हद्द

प्रश्न : नोकरीनिमित्त मी अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो आणि यंदा सहकाऱ्यांबरोबर प्रथमच एल्कच्या, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणार आहे. परवाना काढून झाला आहे. बरोबरचे सगळे जण मोबाइलवर ‘ऑनएक्स’सारखे नकाशाचे ॲप वापरतात. त्यात खासगी जमिनीची हद्द, मालकाचे नाव आणि वेगळ्या रंगात सरकारी जमीन दिसते. ही रेषा कितपत भरवशाची असते? तिच्या अगदी कडेने चालले तर चालेल का? शिवाय काही ठिकाणी दोन सरकारी तुकडे केवळ कोपऱ्याला कोपरा टेकून असतात; तेथून पलीकडे जाता येते का?
— एक वाचक, बोझमन

उत्तर : पडद्यावर आपल्याला एक ठिपका आणि एक रेषा दिसते. ठिपका म्हणजे आपण कोठे उभे आहोत याचा फोनने बांधलेला अंदाज, आणि रेषा म्हणजे हद्द कोठे आहे याची कोणीतरी केलेली नोंद. या दोन्ही गोष्टींत चूक असू शकते, त्या चुका एकमेकींत मिसळतात, आणि पडद्यावर मात्र दोन्ही सारख्याच ठसठशीत दिसतात.

आधी ठिपक्याचे पाहू. मोकळ्या आकाशाखाली फोनचे जीपीएस साधारणपणे ४.९ मीटरच्या, म्हणजे सोळा फुटांच्या परिघात बरोबर असते. दाट पाइनच्या झाडीत किंवा उंच कड्याच्या पायथ्याशी उपग्रहांचे संकेत अडतात किंवा खडकावर आपटून वळून येतात, आणि ही चूक बरीच वाढते. याचा पडताळा आपण स्वतः घेऊ शकता. अशा जागी पाच मिनिटे न हलता उभे राहा; आपण जागचे हललेले नसताना ठिपका इकडेतिकडे सरकताना दिसेल.

रेषेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ॲपमधल्या खासगी हद्दी मुख्यतः काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, आणि राज्याच्या नोंदींवरून घेतलेल्या असतात. काउंटीचे नकाशे प्रामुख्याने करआकारणीसाठी तयार होतात, हद्दीचा वाद मिटवण्यासाठी नव्हे. जमीन विकली गेली किंवा तिची वाटणी झाली, तर तो बदल ॲपपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर तेथे जुन्याच मालकाचे नाव दिसत राहते. त्यातच पश्चिमेकडील बहुतेक जमिनीची मूळ मोजणी १७८५च्या जमीनविषयक कायद्यातून उभ्या राहिलेल्या चौकोनी पद्धतीने झाली आहे. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक ‘टाउनशिप’, तिचे छत्तीस ‘सेक्शन’, आणि प्रत्येक सेक्शन साधारण ६४० एकरांचा, अशी ती रचना आहे. कागदावर हे चौकोन रेखीव दिसतात. प्रत्यक्षात ती मोजणी साखळी आणि होकायंत्र घेऊन डोंगरदऱ्यांतून केलेली असल्यामुळे कोपरे थोडेफार इकडेतिकडे पडले. तरीही कायदा मान देतो तो मूळ भूमापकाने रोवलेल्या खुणेला. ती जागेवर सापडली, तर कागदावरच्या अंतरांपेक्षा तिचा शब्द मोठा ठरतो. ॲपमधला कोपरा या खुणेपासून काही ठिकाणी कित्येक फूट दूर असतो.

रेषेखाली दिसणारे उपग्रहचित्रही अगदी अचूक बसवलेले असेल असे नाही. म्हणून चित्रातले कुंपण आणि ॲपची रेषा जुळत नसतील, तर त्यावरून कोणताच निष्कर्ष काढू नये. कुंपण हीदेखील हद्द असतेच असे नाही. पुष्कळदा ते गुरे अडवण्यासाठी, जेथे खांब ठोकणे सोयीचे होते तेथे घातलेले असते.

त्यामुळे रेषेच्या कडेने चालण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोकळ्या माळावर निदान शंभर फूट आणि झाडीत त्याच्या दुप्पट अंतर राखावे. हा आकडा कायद्यातला नव्हे, वर सांगितलेल्या चुका लक्षात घेऊन मी सुचवत आहे. याहून महत्त्वाचा विचार गोळी झाडण्यापूर्वीचा आहे. जखमी जनावर हद्द ओलांडून खासगी जमिनीत गेले, तर त्याच्या मागे जाण्यासाठीही मालकाची परवानगी लागते. परवानगी मिळेपर्यंत ते जनावर तडफडत राहते. हद्दीजवळ उभ्या असलेल्या एल्कवर नेम धरण्याचा मोह म्हणूनच आवरावा, आणि शेजारच्या मालकाशी आधीच बोलून ठेवावे. ॲपमधल्या मालकाच्या नावाचा सर्वांत चांगला उपयोग हाच आहे.

मोंटानात खासगी जमिनीवर शिकार करायची असेल, तर मालकाची परवानगी घ्यावीच लागते. तेथे पाटी असो वा नसो. खांबावर भडक नारिंगी रंग दिसला, तर ती प्रवेशबंदीची खूण समजावी, पण तो दिसला नाही म्हणजे वाट मोकळी आहे असे मुळीच नाही. सरकारी जमिनीच्या रंगाचीही तीच गत आहे. उदाहरणार्थ, कोलोरॅडोत राज्याच्या मालकीची ‘ट्रस्ट’ जमीन मुळात लोकांसाठी बंद असते. त्यातला जेवढा भाग सार्वजनिक प्रवेशाच्या योजनेत घेतला आहे, तेवढाच शिकाऱ्यांना खुला असतो.

आता कोपऱ्याचा प्रश्न. १८६२च्या कायद्यापासून रेल्वे कंपन्यांना एकाआड एक सेक्शन देण्यात आले, आणि त्यातून पश्चिमेत बुद्धिबळाच्या पटासारखी मालकी तयार झाली. त्यामुळे एकाच कोपऱ्याशी दोन सरकारी आणि दोन खासगी चौकोन भिडतात, आणि पलीकडे जाताना खासगी जमिनीवरच्या हवेतून जावेच लागते. वायोमिंगमधील एल्क माउंटन येथे २०२० साली काही शिकारी अशाच एका कोपऱ्याशी पोहोचले. तेथे मोजणीची खूण होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाट्या लावलेले दोन खांब साखळीने जोडलेले होते. त्या खांबांना धरून, खासगी जमिनीला पाय न लावता, ते पलीकडे गेले. पुढच्या वर्षी त्यांनी त्यासाठी शिडीच आणली. फौजदारी खटल्यात ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. जमीनमालकाच्या दिवाणी दाव्यात दहाव्या सर्किटच्या (केंद्रीय न्यायव्यवस्थेतल्या काही राज्यांच्या गटाच्या) अपील न्यायालयाने मार्च २०२५मध्ये, सरकारी जमिनीची वाट अडवण्यास मनाई करणाऱ्या १८८५च्या कायद्याच्या आधारे शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालण्यास नकार दिला. परंतु मोंटाना या सर्किटमध्ये येत नाही, आणि अशा प्रकारे कोपरा ओलांडणे बेकायदेशीरच आहे अशी तेथील वन्यजीव विभागाची भूमिका आहे. म्हणून आपण तसे करू नये. जेथे हे चालते तेथेही जमिनीतली खूण प्रत्यक्ष सापडल्याशिवाय ॲपच्या भरवशावर पाऊल टाकू नये, कारण कोपरा हा एक बिंदू असतो आणि फोनची चूक काही मीटरांची.

त्याच प्रकरणात एका शिकाऱ्याच्या ॲपमधली एक खूण तो खासगी जमिनीवर गेल्याचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आली होती. अशी खूण घरी बसूनही नकाशावर कोठेही टाकता येते. तेव्हा खुणांना नावे देताना ‘घरून टाकलेली’ आणि ‘जागेवर टाकलेली’ असा भेद आपणच नोंदवून ठेवावा.

निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालते, नकाशा मात्र उघडत नाही.

प्रश्न : टेक्सासमध्ये आम्ही थोडी शेतजमीन घेतली आहे. ॲपप्रमाणे शेजाऱ्याचे कुंपण आमच्या हद्दीत दहा फूट आत येते. ॲपच्या रेषेवर नवे कुंपण घालावे का?
— एक वाचक, ऑस्टिन

उत्तर : घालू नये. दहा फुटांचा फरक फोनच्या आणि नकाशाच्या चुकीतच सामावून जातो. शिवाय टेक्सासची जमीन वर सांगितलेल्या चौकोनी पद्धतीने मोजलेली नाही. तेथील जुन्या खरेदीखतांत स्पॅनिश काळापासून चालत आलेल्या ‘वारा’ या मापात, म्हणजे ३३⅓ इंचांच्या एककात, झाड, ओढा, दगड अशा खुणांवरून हद्द वर्णन केलेली आढळते. ते वर्णन जमिनीवर उतरवणे हे परवानाधारक भूमापकाचे काम आहे. तेथे जांभळा रंग लावणे म्हणजे कायद्याने प्रवेशबंदीची पाटी लावण्यासारखेच असल्यामुळे मोजणी होईपर्यंत झाडांना किंवा खांबांना तो रंगही लावू नका.

ॲपचा उपयोग एवढाच करावा की, जुन्या मोजणीचा नकाशा हाती घेऊन त्याच्या आधारे कोपऱ्याच्या आसपास पोहोचावे आणि मातीत पुरलेली हद्दीच्या खुणेची लोखंडी सळई धातुशोधक यंत्राने शोधावी. सळई सापडली तर ती हलवू नका. तिचे छायाचित्र काढून भूमापकाला दाखवा, आणि तो येण्याचा दिवस शेजाऱ्याला आधी कळवा.