विज्ञान शिक्षणात पीएचडी केली तर मला कोणतं डिपार्टमेंट घेणार?

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे, एमएस्सी फिजिक्स, बीएड. सांगली जिल्ह्यात एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजला ६ वर्षं शिकवतेय. मुलं गणितं पटापट सोडवतात पण साधं "असं का होतं?" विचारलं की गप्प बसतात आणि मला यावरच संशोधन करावंसं वाटतं. विज्ञान शिक्षणात पीएचडी करता येते हे कळलंय, पण घरचे म्हणतात हे धड फिजिक्स नाही धड बीएड नाही, पुढे नोकरी कोण देणार? माझ्या जुन्या सरांनीही "वाया जाशील" असं सांगितलं. करू का?

उत्तर : ताई, तुमच्या घरच्यांची काळजी खरी आहे, ती उडवून लावू नका. मी याच वाटेने आलोय. एका विद्यापीठात मुलाखतीला गेलो तेव्हा फिजिक्सवाले म्हणाले तुमचे पेपर आमच्या विषयातले नाहीत, आणि दुसऱ्या ठिकाणी एज्युकेशनवाल्यांनी एमएड नाही म्हणून अर्जच बाजूला ठेवला, अशी २-३ वर्षं गेली आणि त्या काळात घरी काय सांगायचं हाच रोजचा प्रश्न असायचा. म्हणून हे आधीच सांगतो, एज्युकेशन विभागाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा एमएड किंवा एमए एज्युकेशन मागतात. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमए एज्युकेशन नोकरी सांभाळून होतं, ते करून ठेवा, एज्युकेशनमधली नेट परीक्षाही देता येईल.

आता "वाया जाशील" बद्दल. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर), १९७४ पासूनचं. ते सुरू करणारे वि. गो. कुलकर्णी स्वतः फिजिक्सवाले, आणि त्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जाऊन खेड्यातल्या शाळांमधून काम उभं केलं. मानखुर्दच्या या केंद्रात विज्ञान शिक्षणात पीएचडी होते, लेखी परीक्षा आणि मुलाखत असते, फेलोशिप मिळते (२०२३ पासून यूजीसीचा दर आधी महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० असा आहे, विनाअनुदानितच्या पगारापुढे हा आकडा घरी जरूर सांगा). आयआयटी मुंबईत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत पीएचडी करता येते. पुढच्या नोकऱ्या थोड्या आहेत हे खरंय, पण बंगळुरूच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या जागा आहेत, एनसीईआरटीच्या प्रादेशिक संस्था आहेत, शाळांमधल्या विज्ञान शिक्षणावर काम करणाऱ्या एकलव्यसारख्या संस्था आहेत. फक्त आपल्याच जिल्ह्यात हवं म्हणालात तर अवघड आहे, तेवढी तयारी घरच्यांशी बसून आधीच बोलून घ्या.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुमच्याकडे प्रश्न आहे, आणि या विषयात तोच सगळ्यात उशिरा सापडतो. मलाही तो पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सापडला. आठवीतल्या एका मुलाला मी सेल, टॉर्चचा बल्ब आणि २ वायरी दिल्या आणि म्हटलं पेटव. त्याने एकच वायर घेतली, सेलच्या टोकापासून बल्बच्या बुडाला लावली, दुसरी बाजूला ठेवून दिली. बल्ब लागेना. तो म्हणाला, "सर सेल गेलाय, दुसरा द्या." दुसरा दिला, तरी नाही. मी विचारलं एकच वायर का रे, तर म्हणाला, "घरी मिक्सरला एकच असते की." आणि खरंच, बाहेरून एकच दिसते ना! या पोराला सर्किटच्या आकृतीला पैकीच्या पैकी मार्क होते. मग आम्ही एक जुना मोबाईल चार्जर कापला, आतून २ वायरी निघाल्या, त्या बोटाने वेगळ्या करत तो बराच वेळ गप्प बसला आणि मग न सांगता त्याने दुसरी वायर उचलली. एका वायरीचं हेच उत्तर न्यूझीलंडच्या मुलांनीही दिल्याचं १९८० च्या आसपासच्या संशोधनात आहे, पण हा मिक्सर तिथल्या पेपरात नव्हता.

म्हणून नोकरी सोडायच्या आधी एक वर्ष वर्गातच सुरुवात करा. रोज एक वही, मुलं जे बोलली ते त्यांच्याच शब्दात, त्याच दिवशी. रेकॉर्डिंग करणार असाल तर मुख्याध्यापकांची आणि पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि लक्षात ठेवा एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला ५-६ तास लागतात. चुकीच्या उत्तरावर लगेच बरोबर सांगायची आपली शिक्षकांची सवय असते ना, ती मोडायला फार जड जाते, मला तर २ वर्षं लागली. वर्षभराने वही उघडून अजूनही रात्री जागून वाचावीशी वाटली तर बेधडक अर्ज करा. मुलाखतीला जाताना वही घेऊन जा.

प्रश्न : मी या विषयात पीएचडीला नुकताच लागलोय. मुलांच्या मुलाखती मराठीत आहेत आणि थीसिस इंग्रजीत. मूळ मराठी ठेवलंच पाहिजे का?

उत्तर : ठेवाच. नववीच्या मुलीला मी "कार्य म्हणजे काय" (पुस्तकातलं, म्हणजे वर्क) विचारलं तर ती म्हणाली, "आमच्याकडे पुढच्या महिन्यात आहे, ताईचं." इंग्रजीत याचं भाषांतर केलं की लग्नही जातं आणि मुलीचा घोटाळा कुठे झाला तेही जातं, वाचणाऱ्याला वाटतं पोरगी विषय सोडून बोलतेय. बल, शक्ती, जोर हे तिन्ही घरी एकच असतात आणि पुस्तकात बल वेगळं, शक्ती वेगळी. पुस्तकातल्या भाषेमुळे मुलं विज्ञानात अडतात यावर कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार आधी काम केलंय, १९८१ च्या सुमाराचे पेपर आहेत, ते वाचा. मूळ वाक्य देवनागरीत, खाली इंग्रजी, असं छापता येतं. परीक्षक जागा जाते म्हणून कुरकुरले तर मूळ वाक्यं परिशिष्टात घाला पण काढू नका, आणि गाइडशी हे आत्ताच बोलून घ्या, शेवटच्या ६ महिन्यांत नाही.