प्रोग्रॅम कुणाचा, पैसे देणाऱ्याचा की लिहिणाऱ्याचा?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. मिरजेच्या एका प्रोग्रॅमरकडून सौदे, हमाली-तोलाई आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचं (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांचं) सॉफ्टवेअर ८५ हजारांना करून घेतलं. कागद म्हणून फक्त पावती. आता तो तेच सॉफ्टवेअर शेजारच्या पेढीला विकतोय. पैसे आमचे, डोकं आमचं, मग मालक तो कसा?

उत्तर : कायद्याने मालक तोच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’ धरला जातो, आणि साहित्यकृतीचा पहिला मालक तिचा लेखक. तो तुमच्याकडे पगारावर असता आणि वेगळा करार नसता, तर कलम १७ प्रमाणे मालकी तुमची झाली असती. उक्तं काम घेणाऱ्याला ते लागू नाही. गवंड्याची मजुरी चुकती केली की भिंत आपली, हा हिशेब इथे चालत नाही. आणि ‘डोकं आमचं’ म्हणाल, तर पट्टीतून उचल कशी वळती करायची हे तुम्ही सांगितलंत ती कल्पना. कॉपीराइट कल्पनेला नसतो, लिहिलेल्या कोडला असतो.

तुमच्या हाती काय उरतं? घेतल्या कामासाठी सॉफ्टवेअर वापरणं आणि त्याचा बॅकअप ठेवणं (कलम ५२). भाच्याच्या दुकानात तेच कॉपी करून टाकलंत, तर मात्र गुन्हेगार तुम्ही. शेतकऱ्यांची खाती, बाक्या, आवक ही माहिती तुमच्या धंद्याची आहे. डेटाबेसचा पासवर्ड आणि सगळ्या खात्यांची एक्सेल फाइल आजच मागून घ्या. बॅकअपचा पेनड्राइव्ह कपाटात असतो, पासवर्ड प्रोग्रॅमरच्या डोक्यात. भांडण झालं की गाडी नेमकी तिथेच अडते.

मालकीच हवी असेल तर कलम १९ प्रमाणे लेखी हस्तांतर लागेल, खाली त्याची सही. त्यात आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख, कोणते हक्क (प्रती काढणं, बदल करणं, विकणं), रक्कम, मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहायची राहिली तर ती पाच वर्षंच धरतात, प्रदेश राहिला तर फक्त भारत. मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो सुटू शकतो, म्हणून ‘न वापरल्याने हक्क संपणार नाही’ हे वाक्यही घाला. त्याने जोडलेले ओपन सोर्सचे (इतरांनी लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवलेले) भाग तो तुमच्या नावे करू शकत नाही. त्यांची यादी वेगळी जोडायला सांगा. शेजाऱ्याला आधी विकलेली प्रत या कागदाने परत येणार नाही. त्यामुळे आमचा सल्ला असा, की मालकीसाठी पुन्हा मोठी रक्कम मोजण्यापेक्षा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) आणि त्यात बदल करण्याची लेखी परवानगी घ्या. दर किंवा कर बदलला तर दुसऱ्याकडून दुरुस्ती करून घेता येईल, आणि तुमची अडचण खरी तीच आहे.

प्रश्न : प्रोग्रॅम म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञा. त्याला कादंबरीसारखी मालमत्ता म्हणणंच चूक नाही का? (वाई)

उत्तर : मालमत्ता म्हणणं चूक नाही, मुदत चूक आहे. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं! व्हॅटचा हिशेब करणारा प्रोग्रॅम १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तसा बहुतेक दुकानांत निकामी झाला. त्याचा कॉपीराइट मात्र लेखकाच्या नातवंडांपर्यंत चालेल. भारत एकट्याने हे फारसं बदलू शकत नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराच्या कलम १० ने प्रोग्रॅमला साहित्यकृतीचं संरक्षण देणं बंधनकारक केलंय, आणि किमान मुदत हयातीनंतर ५० वर्षं. म्हणजे खाली यायला जागा दहाच वर्षांची. आणखी एक गंमत : ‘माझा कोड घ्या, पण बदलून वाटलात तर तुमचाही खुला ठेवा’ ही जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची अट कॉपीराइटच्याच जोरावर उभी आहे. मालकी काढून टाकली तर ती अटही जाईल.

प्रश्न : ऊसतोडणीच्या नोंदीचं ॲप केलंय. पेटंट घेऊ का? (विद्यार्थी, कराड)

उत्तर : नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट नाही, पेटंट कायद्याचं कलम ३(के) आडवं येतं. कॉपीराइट तर कोड लिहिला त्या क्षणी मिळालाच. नोंदणी सक्तीची नाही, पण कोर्टात पुरावा म्हणून कामी येते. कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फॉर्म १४ भरा, शुल्क ५०० रुपये. सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात. एकूण २० पेक्षा कमी असतील तर सगळी. डायरी नंबर (अर्जाचा क्रमांक) मिळाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. दिलेल्या पानांवर काहीही काळं करून झाकलेलं चालत नाही. डेटाबेसचा पासवर्ड कधी कधी कोडमध्येच लिहिलेला असतो. तो आधी वेगळ्या फाइलमध्ये हलवा, मगच पानं काढा.