दोन राज्यांच्या सीमेवरच्या स्थानिक संस्था मिळून एकच प्रादेशिक आराखडा करू शकतात का?

तुम्ही विचारले आहे की, महाराष्ट्रातला दोडामार्ग तालुका आणि त्याला लागून असलेला गोव्याचा डिचोली-पेडण्याकडचा भाग यांच्यासारखे रोजच्या व्यवहाराने एक असलेले, पण दोन राज्यांत विभागले गेलेले प्रदेश आपल्या स्थानिक संस्थांमार्फत एकत्र नियोजन करू शकतात का, आणि अमेरिकेत असे होते असे जे ऐकिवात येते त्यात तथ्य किती. मी शिक्षणाने नगररचनाकार आहे आणि बरीच वर्षे कॅलिफोर्नियात राहते. त्यामुळे आधी मला जवळून माहीत असलेल्या एका तळ्याबद्दल लिहिते आणि मग तुमच्या भागाकडे येते.

टाहो हे सिएरा नेवाडा पर्वतातले सुमारे 495 चौरस किलोमीटरचे आणि 500 मीटर खोलीचे तळे. त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅलिफोर्नियात आणि उरलेला नेवाडात आहे. नेवाडात जुगार कायदेशीर असल्यामुळे तळ्याच्या दक्षिण काठावर राज्याची सीमा ओलांडली की पुढच्याच पावलावर कॅसिनोंच्या उंच इमारती सुरू होतात आणि सीमेच्या अलीकडे त्याच रस्त्यावर बैठी मोटेल आणि दुकाने दिसतात. तिथे पदपथावर उभे राहिले की रस्ता एक, हवा एक, पावसाचे पाणी वाहून नेणारे गटारही एक, आणि बांधकामाचे नियम मात्र दोन, असा प्रकार डोळ्यांनी पाहता येतो. 1960 साली जवळच हिवाळी ऑलिंपिक झाले, त्यानंतर बांधकामाचा वेग वाढला आणि तळ्याचे पाणी गढूळ होऊ लागले. तळ्याभोवती पाच काउंट्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, फक्त तिचे कामकाज लोकांनी निवडलेले मंडळ पाहते) आणि एक शहर. प्रत्येकाचे उत्पन्न नव्या इमारतींवर अवलंबून, त्यामुळे आपल्याकडचे बांधकाम थांबवून शेजारच्या काउंटीला कर मिळवून द्यावा, असे कोणालाच वाटत नव्हते.

यातून 1968 मध्ये दोन्ही राज्यांत करार झाला. अमेरिकेच्या संविधानाप्रमाणे राज्याराज्यांमधल्या अशा कराराला काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागते. ती 1969 मध्ये मिळाली आणि टाहो प्रादेशिक नियोजन संस्था उभी राहिली. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने खरा धडा तिच्या पहिल्या दहा वर्षांत आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगते.

मूळ कराराने दहा सदस्यांचे मंडळ नेमले. प्रत्येक राज्याचे पाच सदस्य होते आणि त्या पाचांपैकी तीन स्थानिक संस्थांचे. कागदावर पाहिले तर तुम्हाला हवे आहे ते नेमके हेच: सीमेच्या दोन्ही बाजूंच्या स्थानिक प्रतिनिधींचे बहुमत असलेले एक मंडळ. कोणताही निर्णय व्हायचा तर दोन्ही राज्यांच्या सदस्यांचे वेगवेगळे बहुमत लागत असे. एका राज्याने दुसऱ्यावर कुरघोडी करू नये, हा त्यामागचा हेतू होता आणि तो वाजवीच होता. मात्र करारात आणखी एक कलम होते. अर्ज आल्यापासून 60 दिवसांत मंडळाने निर्णय घेतला नाही, तर प्रकल्पाला मंजुरी मिळाली असे समजायचे. मौनं संमतिलक्षणम्, हे वचन असे थेट कायद्यात जाऊन बसले! परिणाम काय झाला असेल ते तुमच्या लक्षात येईल. कॅसिनोच्या टोलेजंग हॉटेलचा प्रस्ताव यायचा, कॅलिफोर्नियाचे पाचही सदस्य विरोधात जायचे, नेवाडाचे तिघे बाजूने उभे राहायचे. दोन्हीकडचे बहुमत जुळत नसल्यामुळे नकाराचा ठराव होत नसे, 60 दिवस उलटत आणि हॉटेल आपोआप मंजूर होई. ज्या संस्थेची स्थापनाच तळे वाचवण्यासाठी झाली होती, तिच्याच दप्तरातून असे प्रकल्प पुढे सरकले.

वैतागलेल्या कॅलिफोर्नियाने काही वर्षे आपल्या बाजूपुरती वेगळी आणि अधिक कडक संस्था चालवली, म्हणजे एकत्र नियोजनासाठी केलेल्या करारातून पुन्हा दोन नियम तयार झाले. शेवटी 1980 मध्ये करार बदलला. मतदान करणारे सदस्य 14 झाले, प्रत्येक राज्याचे सात, आणि त्या सातांत स्थानिक संस्थांचे तीनच. प्रकल्प मंजूर व्हायचा तर तो ज्या राज्यात आहे तिथली किमान पाच मते आणि एकूण किमान नऊ मते मिळालीच पाहिजेत, आणि तेवढी मिळाली नाहीत तर प्रकल्प नामंजूर झाला असे समजायचे. नकाशे आणि तळे तेच होते, पण निर्णय न होण्याचा अर्थ 'हो' ऐवजी 'नाही' असा झाला आणि संस्थेची सारी वागणूक पालटली.

स्थानिक प्रतिनिधी अल्पमतात गेले, हे स्थानिक स्वराज्याची आस्था असणाऱ्या कोणालाही टोचेल. मलाही टोचते. तरीही या बाबतीत ते बरोबर होते असे माझे मत आहे, कारण ज्यांच्या तिजोरीत इमारतींचा कर जमा होतो त्यांच्याच हाती इमारती थांबवण्याचा एकमेव अधिकार ठेवणे म्हणजे त्यांना रोज स्वतःविरुद्ध निर्णय घ्यायला लावणे आहे. 2012 च्या सुधारित आराखड्यात यावर एक चांगला मध्यममार्ग निघाला. काउंटीने किंवा शहराने आपल्या भागाचा तपशीलवार आराखडा स्वतः करायचा, तो प्रादेशिक आराखड्याशी सुसंगत आहे असे मंडळाने एकदा ठरवले की लहानसहान परवानग्या स्थानिक कार्यालयातूनच द्यायच्या.

दुसरी गोष्ट मोजमापाची. 1968 पासून तिथले शास्त्रज्ञ एक पांढरी थाळी दोरीने तळ्यात सोडतात आणि ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते नोंदवतात. थाळी जेवणाच्या ताटाएवढीच असते. 1968 मध्ये तिची वार्षिक सरासरी 31 मीटरच्या आसपास होती, 1997 पर्यंत ती 20 मीटरच्या खाली घसरली. हा आकडा दोन्ही राज्ये मानतात. 1982 मध्ये पाणी, हवा, माती, वनस्पती, आवाज, निसर्गदृश्य अशा नऊ विषयांसाठी मर्यादा ठरवण्यात आल्या आणि आराखड्याने त्या गाठल्या पाहिजेत असे बंधन आले. त्यामुळे 'विकास हवा की पर्यावरण' असा वाद घालण्याऐवजी, अमुक रस्त्यावरून तळ्यात उतरणारी बारीक माती कशी अडवायची, यावर बैठकीत बोलता येते. भूखंडाचा किती टक्के भाग छत, फरशी किंवा डांबराने झाकता येईल, हेही मातीच्या प्रतीवरून ठरते. नाजूक जमिनीवर ते प्रमाण 1 टक्का आहे आणि चांगल्या जमिनीवर 30 टक्के. जास्त झाकायचे असेल तर तो हक्क खोऱ्यातल्या दुसऱ्या भूखंडाकडून विकत घेता येतो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) म्हटले की हे चटकन समजेल.

हे सगळे सुखासुखी झाले असा समज कृपया करून घेऊ नका. नवा आराखडा तयार होईपर्यंत 1981 ते 1984 असे 32 महिने बांधकामे थांबवली गेली. आयुष्याची पुंजी घालून निवृत्तीनंतरच्या घरासाठी भूखंड घेतलेले शेकडो लोक त्यात अडकले. त्यांचा नुकसानभरपाईचा दावा 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सहा विरुद्ध तीन मतांनी फेटाळला गेला. कायदेशीर बाजू काहीही असो, नियोजनाची किंमत कोण मोजतो याचा विचार करताना मला ती माणसे विसरता येत नाहीत. पुढे 2011 मध्ये नेवाडाने करारातून बाहेर पडण्याचा कायदाच केला. 2012 चा आराखडा आला, दोन्ही राज्यांत पुन्हा बोलणी झाली आणि 2013 मध्ये तो कायदा मागे घेतला गेला.

आता भारताकडे. आपल्या संविधानात जिल्हा नियोजन समिती आणि दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या महानगरांसाठी महानगर नियोजन समिती यांची तरतूद आहे, पण या समित्यांची धाव राज्याच्या सीमेपर्यंतच. दोन राज्यांतल्या नगरपंचायती किंवा जिल्हा परिषदा आपसात ठराव करून बंधनकारक प्रादेशिक आराखडा करू शकतील, असा सरळ मार्ग आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात प्रादेशिक योजना 1966 च्या अधिनियमाखाली होतात आणि गोव्याचा प्रादेशिक आराखडा त्या राज्याच्या 1974 च्या कायद्याखाली. दोन्ही नकाशे सीमेवर येऊन थांबतात. पलीकडे ओढा कुठून येतो, खाण कुठे आहे, रस्ता पुढे कुठे जातो, हे ज्याला पाहायचे आहे त्याने दुसऱ्या राज्याचा नकाशा शेजारी पसरून पाहावे.

मार्ग आहे तो अनुच्छेद 252 चा. दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले, तर संसद त्या राज्यांपुरता कायदा करू शकते. हरियाणा, राजस्थान आणि उत्तर प्रदेश यांच्या ठरावांवरून दिल्लीच्या परिसरासाठी 1985 चा राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ कायदा असाच झाला. मंडळाचे अध्यक्ष केंद्रीय मंत्री असतात आणि सदस्यांत मुख्यमंत्री. आराखड्याचा भंग करणाऱ्या राज्याला थांबण्याचा आदेश देण्याचा आणि ते न ऐकल्यास आर्थिक साह्य रोखण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. पण गुरुग्राम किंवा गाझियाबादच्या महापौराला तिथे आपल्या शहराच्या वतीने हक्काची खुर्ची नाही, आणि प्रत्येक राज्याने आपल्या वाट्याचा उपप्रादेशिक आराखडा स्वतःच करायचा असतो. 2020 च्या साथीत या एकाच 'क्षेत्रा'तल्या सीमा राज्यांनी एकमेकांसाठी बंद केल्या आणि रोज कामाला जाणाऱ्यांसाठी एकच धोरण ठरवा, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. त्याउलट दिल्ली-मेरठ जलद रेल्वेसाठी 2013 मध्ये जी कंपनी स्थापन झाली, तिच्यात केंद्राचा 50 टक्के आणि दिल्ली धरून चारही राज्यांचा प्रत्येकी साडेबारा टक्के वाटा आहे. पैशांवरून तिथेही ओढाताण झाली, तरी 2023 मध्ये पहिल्या टप्प्यावर गाडी धावू लागली. एखादी ठोस वस्तू आणि तिच्या खर्चाचे ठरलेले हिस्से असले की राज्ये बरीच पुढपर्यंत सोबत येतात, असे यावरून दिसते.

तुमच्याकडे अशी वस्तू आधीपासून आहे, ती म्हणजे तिलारी. धरण दोडामार्ग तालुक्यात आहे, पाण्याचा आणि खर्चाचा मोठा वाटा गोव्याचा आहे आणि प्रकल्प दोन्ही राज्यांचा संयुक्त आहे. म्हणून सगळ्या तालुक्यांचा एकत्र आराखडा अशी मागणी आजच करण्यापेक्षा तिलारीच्या पाणलोटापासून सुरुवात करावी, असे मी सुचवेन. धरणाच्या वरच्या अंगाला जंगलतोड, खाण किंवा मोठे बांधकाम यांचा प्रस्ताव आला की तो दोन्ही बाजूंच्या स्थानिक संस्थांसमोर ठेवला जावा, आणि मान्य करायचा एक आकडा, मग तो पाण्याच्या गढूळपणाचा असो वा धरणात साचणाऱ्या गाळाचा, दरवर्षी जाहीर व्हावा. नोकरीसाठी गोव्यात जाणाऱ्यांच्या बससेवा आणि बांबोळीच्या रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णांची सोय हे विषय त्याच टेबलावर नंतर आणता येतील. असा करार कधी लिहिला गेलाच, तर त्याचा मसुदा हाती आल्यावर सदस्य किती आणि अध्यक्ष कोण हे पाहण्याआधी, दोन राज्यांचे मत जुळले नाही आणि मुदत संपली तर काय समजायचे, ते कलम शोधून वाचा.