अ‍ॅल्युमिनियम बोटीचा पुढचा डेक वाढवतोय. प्लायवूडला काय लावू आणि कार्पेट कसं चिकटवू?

तुम्ही लिहिलंय की बोट १४ फुटी आहे, प्रेशर ट्रीटेड प्लाय (कुजू नये म्हणून दाबाने औषध मुरवलेला) गॅरेजमध्ये पडलाय आणि त्यावर कार्पेटच घालायचंय, तर सील करायची खरंच गरज आहे का. गरज आहे. पण आधी तो प्लाय बाजूला ठेवा, कुंपणाला वापरा. इथे अमेरिकेत २००४ पासून घरगुती कामाच्या लाकडातलं आर्सेनिकचं औषध बंद झालं आणि त्याजागी भरपूर तांबं असलेली औषधं आली. हे लाकूड ओलं होऊन अ‍ॅल्युमिनियमला टेकलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. आधी पांढरी भुकटी दिसते, मग टाचणीएवढी भोकं. मरीन प्लाय, म्हणजे बोटींसाठी बनवलेला, घ्या, नाहीतर वॉटरप्रूफ गोंदाचा साधा एक्स्टीरियर प्लाय चालेल.

आता माझी फजिती. मी मिनेसोटात राहतो. पहिला डेक केला तेव्हा वरच्या बाजूला व्हार्निशचे दोन हात मारले, खालची बाजू कोण बघतंय म्हणून सोडली आणि कार्पेट ठोकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात सीटचा स्क्रू चक्क बोटांनी निघाला. कार्पेट वरून नव्यासारखं होतं. उचकटलं तर खाली कडा काळ्याठिक्कर, चिरोट्यासारखे पदर सुटलेले. मधला भाग मात्र बऱ्यापैकी धड होता. पाणी मुरलं होतं ते कडांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. वर कार्पेट म्हणजे ओलं पोतंच, ते वाळू देत नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी सगळं कापून, भोकं पाडून, एकदा बोटीत बसवून बघितलं आणि मगच इपॉक्सी, म्हणजे हार्डनर कालवला की कडक होणारं रेझिन, हातात घेतलं. कडा किती पितात हे बघण्यासारखं असतं: ब्रश फिरवला की पाच मिनिटांत कोरड्या. त्या पिणं थांबवेपर्यंत पाजत राहायचं. सपाट भागाला, खालच्या बाजूसकट, दोन ते तीन हात पुरतात. स्क्रूचं भोक आधी मोठं पाडा, इपॉक्सीने बुजवा, कडक झालं की त्यातच योग्य मापाचं भोक पाडा. मग स्क्रूभोवती लाकूड उघडं राहतच नाही. कंटाळवाणं काम आहे, पण डेक टिकतो तो यावरच.

हार्डनर डब्यावरच्या मापानेच घाला. लवकर सुकावं म्हणून जास्त घालण्याची पॉलिस्टर रेझिनची सवय इथे नडते, इपॉक्सी कायमचं चिकट राहतं. कालवलेलं खोल डब्यात ठेवू नका, पसरट ट्रेमध्ये ओता. माझा एक डबा तापून धुरावला होता. सुकल्यावर पृष्ठभागावर मेणासारखा थर येऊ शकतो. पुढच्या हाताआधी तो पाण्याने घासून धुवा, नाहीतर वरचं काही धरत नाही. उन्हाने इपॉक्सी खराब होतं, पण वर कार्पेट असल्यामुळे ती काळजी इथे नाही. बजेट कमी असेल तर स्पार व्हार्निशचे (उन्हापावसात टिकणारं बाहेरचं व्हार्निश) तीन-चार हात, पहिला पातळ करून. दर काही वर्षांनी पुन्हा मारायची तयारी ठेवा, एवढंच.

कार्पेट पॉलिप्रॉपिलीनचं, रबरी पाठ नसलेलं घ्या. रबर पाणी धरून ठेवतं. बाहेरच्या वापराचा वॉटरप्रूफ कार्पेट गोंद दातेरी थापीने पसरा, मधून कडांकडे दाबत न्या, दोन-तीन इंच खाली दुमडा. स्टेपल स्टेनलेसचेच. साधे पहिल्या पावसातच गंजाचे डाग सोडतात. खालची बाजू कार्पेटने पूर्ण झाकू नका, तिथून हवा लागली पाहिजे.

जाडीबद्दल: पाऊण इंची आठ बाय चारचा तक्ता ३० किलोच्या आसपास भरतो, अर्धा इंची २० च्या आसपास. खाली दर सोळा इंचांवर आधार देऊन अर्धा इंची वापरा. वरती वजन वाढलं की उंच डेकवर उभं राहून गळ टाकताना बोट किती डोलते ते कळेलच. बोट जास्तीत जास्त किती वजन पेलते ते बोटीवरच्या पट्टीत लिहिलेलं असतं, त्यातून डेकचं वजन वजा धरा.

आणि डेकमध्ये झाकण करणार असाल तर कार्पेट झाकणालाही दुमडलं जातं आणि चौकटीलाही, हे धरून प्रत्येक बाजूला पाव इंच फट ठेवा. मी ठेवली नव्हती. झाकण बसवायला त्यावर उड्या माराव्या लागल्या आणि काढायला स्वयंपाकघरातलं उलथनं.